ऑब्जेक्ट दुसऱ्या सत्रात

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्यात माझ्या विषयाचा दोष नाही आणि माझाही फारसा नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या घरात या मताला अजून कुणी अनुमोदन दिलेलं नाही.

सत्र सुरू व्हायला आठ दिवस होते. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं, बसा म्हणाले आणि चहा मागवला. चहा म्हटल्यावर मी सावध झालो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मला दोनदा चहा पाजला होता. पहिल्या वेळी माझी अर्धी प्रयोगशाळा झेरॉक्स मशीनला गेली, आणि दुसऱ्या वेळी उरलेल्या अर्ध्या भागात त्या मशीनचे कागद ठेवायचं ठरलं.

"सर, यंदा वनस्पतिशास्त्राला प्रवेश किती?"

"तीन," मी म्हणालो. माणसाने आकडा सांगताना आवाज खणखणीत ठेवावा, मग आकडा कितीही असो.

"त्यातला एक चुकून आलाय. त्याला वाणिज्य हवं होतं."

"पण आता त्याला गोडी लागलीय."

"लागू द्या. विभाग बंद करावा लागेल, सर. तुम्ही अतिरिक्त ठरणार."

अतिरिक्त म्हणजे काय, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. अतिरिक्त प्राध्यापकाला विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांच्या गोदामावर नेमतात. आमचे तत्त्वज्ञानाचे सर तीन वर्षांपूर्वी तिकडे गेले. मध्यंतरी भेटले तेव्हा मी त्यांना कसं चाललंय विचारलं, तर म्हणाले, "गठ्ठा क्रमांक चारशे बारा सापडत नाही." एवढंच म्हणाले आणि निघून गेले. पूर्वी हा माणूस साध्या कसं काय या प्रश्नाला पाऊण तास घेत असे.

प्राचार्यांनी माझ्यापुढे एक पत्र सरकवलं. विद्यापीठाने ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम काढला होता. कोणत्याही विभागाने चालवावा, विद्यार्थी किमान वीस, सातव्या आठवड्यात समिती येऊन पाहणार, पसंत पडलं तर विभाग कायम. आमचे कॉम्प्युटरचे सर तर गेल्या महिन्यातच एका कंपनीत गेले होते, आणि इतक्या घाईत गेले की त्यांचा डबा अजून स्टाफरूममध्ये होता. तो उघडायची कुणाची हिंमत नव्हती.

"पण मला यातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणालो.

"अभ्यासक्रम वाचा तरी! क्लास आहेत, क्लासचे पोटक्लास आहेत, वरच्याचे गुण खालच्याला वारशाने मिळतात. हे सगळं तुमचंच आहे की!"

मी वाचलं, आणि खरं सांगतो, मला रागच आला. वर मोठा गट, खाली कुल, त्याखाली प्रजाती, त्याखाली जाती. गवतापासून वडापर्यंत सगळं आम्ही शेकडो वर्षं याच पद्धतीने लावत आलोय, आणि या लोकांनी ते उचलून खाली स्वतःचं नाव घातलं होतं. माझा स्वाभिमान जागा झाला. तो एकदा जागा झाला की माझ्या हातून होकार जातो, हे माझ्या बायकोचं जुनं निरीक्षण आहे.

बायको इस्पितळात मेट्रन आहे. तिला कुठलीही बातमी धक्का देत नाही.

"तुम्हाला मोबाइलचा गजर बंद करता येत नाही," ती म्हणाली.

"गजर वेगळा, प्रोग्रॅमिंग वेगळं."

"हो ना. गजर सोपा असतो."

आमच्या इमारतीत बातमी पोचायला जिना पुरतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर संध्याकाळी आले आणि म्हणाले, काहीही करा, पण प्रत्येक गोष्ट लेखी घ्या. समोरच्या काकूंचं म्हणणं, त्यांचा भाचा कॉम्प्युटरमध्येच आहे, त्याला पाठवते. भाचा रविवारी आला. तासभर माझ्या खुर्चीभोवती फिरला, टेबलाची उंची मोजली, मला पाठ ताठ ठेवायला सांगितली आणि कोपर नव्वद अंशांत हवं असं बजावलं. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. जाताना त्याने कार्ड दिलं तेव्हा कळलं, तो कॉम्प्युटरची टेबलं विकतो. पण पाठीचं त्याने सांगितलेलं मात्र शंभर टक्के खरं निघालं.

खरं घोडं अडलं ते अर्जापाशी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विभाग म्हणून वनस्पतिशास्त्र निवडलं की क्षेत्रभेटीचा रकाना उघडतो, आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मी फोन लावला.

"प्रोग्रॅमिंगला क्षेत्रभेट कशाला?" मी विचारलं.

"ते मी कसं सांगू? तुमच्याच विभागाने ठेवलीय," पलीकडच्या बाई म्हणाल्या.

"मग रकाना रिकामा सोडू?"

"रिकामा नाही सोडता येत. विभाग बदला."

"विभाग बदलला तर मीच राहत नाही."

"मग भेट लिहा ना. मागे लोक आहेत."

मी लिहिलं: महाविद्यालयाची बाग. त्याखाली आवश्यक साहित्याचा रकाना होता, किमान चार वस्तू. प्रोग्रॅमिंगला लागतं काय, या विचारात मी पाच मिनिटं घालवली आणि सव्वीस वर्षांची सवय असलेल्या हाताने आपोआप लिहून टाकलं: भिंग, चिमटा, पेन्सिल, टीपकागद. अर्ज तिसऱ्या दिवशी मंजूर झाला. स्टोअरकीपरने वीस भिंगं आणि वीस चिमटे माझ्या नावावर चढवले. मी नको म्हणालो तर म्हणाला, मंजूर वस्तू उचलली नाही तर खुलासा द्यावा लागतो.

आता वीस विद्यार्थी. माझे तीन, त्यात तो वाणिज्यवाला. ग्रंथालयात गप्पा मारताना पकडलेल्या दोघी. भूगोलाची पाच मुलं, त्यांना मी बाग दाखवून फितवली. हॉकीच्या संघातले आठ, त्यांना हजेरीची गरज होती आणि वर्ग कोणता याची फिकीर नव्हती. एकोणिसाव्या आमच्या ग्रंथपालबाई. "नाव घाला, पण मी मागे बसून पुस्तक वाचणार," अशी त्यांची अट. पुढे सहा आठवडे त्यांनी ती काटेकोर पाळली.

विसावा मिळेना. अर्ज बंद व्हायच्या दिवशी दुपारी मी टेबलाशी डोकं धरून बसलो होतो, तेव्हा दारात माळीमामा उभे राहिले. कॉलेजची बाग यांच्याकडे, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, आणि बोलणं पाणी दिल्यासारखं, मोजून.

"कर्मचाऱ्याला बसता येतं का, सर, वर्गात?"

"येतं. पण मामा, हे कॉम्प्युटरचं आहे."

"ठाऊक आहे. तुमचा विभाग गेला तर बागेत गाड्या लावणार म्हणे. मोजमाप करून गेलेत." त्यांनी घडी केलेला अर्ज टेबलावर ठेवला. अक्षर माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा सुरेख होतं. "मला दोन वर्षं राहिलीत. तेवढी बागेत काढू द्या."

मी सही केली. माझ्या मनात तोवर फक्त माझं गोदाम होतं, बाग नव्हती, याची मला तेव्हा थोडी लाज वाटली.

वीस झाले, पण कॉम्प्युटर कुठे होते? बारा कॉम्प्युटर क्रीडाविभागाच्या खोलीत, जाळी आणि पॅडच्या मागे. किल्ली क्रीडाशिक्षकांकडे, ते म्हणाले स्टोअरकीपरची चिठ्ठी आणा. स्टोअरकीपर म्हणाला, आधीच्या सरांनी ताबा सोडल्याची सही नाही. आधीच्या सरांना फोन केला, ते म्हणाले आता मी कंपनीच्या परवानगीशिवाय कशावरही सही करू शकत नाही. ही परवानगी यायला पाच आठवडे लागले. ऑडिटर म्हणाले होते सगळं लेखी घ्या. माझ्याकडे इतकं लेखी जमलं की त्याला वेगळी पिशवी करावी लागली.

पण शिकवायचं थांबलं नाही, कारण फळा होता. आणि माझी शिकवण्याची एक पद्धत आहे, तिच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. पहिलं सत्र वर्गीकरणाचं, दुसरं नमुन्यांचं. आधी गट, कुल, लक्षणं, फरक, सगळं पक्कं करायचं, मग दुसऱ्या सत्रात पानं-फुलं हातात घ्यायची. अर्धवट ज्ञानाने फुलाला हात लावलेला मला खपत नाही. त्याच हिशेबाने मी नव्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकाचे दोन भाग केले. क्लास पहिल्या सत्रात, ऑब्जेक्ट दुसऱ्या सत्रात. पुस्तकात एकतिसाव्या पानावर 'ऑब्जेक्ट तयार करणे' असा धडा मध्येच घुसवला होता. लेखकाला शिस्त नसावी असं वाटून मी त्यावर क्लिप लावून ठेवली.

आणि आम्ही क्लास काय लिहिले! वनस्पती हा मूळ क्लास, त्याचे पोटक्लास सपुष्प आणि अपुष्प, त्यांचे पुढचे, त्यांचे त्याहून पुढचे. सहा आठवड्यांत एकशे त्रेचाळीस क्लास झाले. मुलांनी जर्नलात डावीकडे पेन्सिलीने आकृत्या काढल्या, नावं उजव्या बाजूला, रेषा एकमेकींना न छेदणाऱ्या. हॉकीच्या गोलकीपरला नेच्यांचे पोटक्लास तोंडपाठ झाले. क्षेत्रभेटही यथासांग झाली. वीस जण भिंगं घेऊन बागेत फिरले आणि प्राचार्य खिडकीतून बघत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली.

त्याच भेटीत माळीमामांनी विचारलं, "सर, आपण झाड लिहिलं वहीत. वय, उंची, पाणी कधी द्यायचं. पण हे कुठलं झाड?"

"कुठलंच नाही. सर्वसाधारण झाड."

"म्हणजे पाणी कुणाला द्यायचं?"

मुलं हसली. माझा पारा चढला. "मामा, ते दुसऱ्या सत्रात. मध्ये मध्ये बोलू नका." ते गप्प बसले. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं की प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवणं फार कठीण असतं.

सहाव्या आठवड्यात किल्ली मिळाली. पहिले दोन दिवस पडदाभर लाल अक्षरं. ओळीच्या शेवटी दोन ठिपके द्यायचे राहिले की लाल, ओळीच्या आधीची मोकळी जागा कमी पडली की लाल. सव्वीस वर्षं मी मुलांच्या वह्या लाल केल्या होत्या, त्याची भरपाई त्या यंत्राने दोन दिवसांत केली. एकेक ठिपका शोधत आम्ही पुढे सरकलो. (भिंगं इथे उपयोगी पडली, हे मी स्टोअरकीपरला आवर्जून कळवलं.) तिसऱ्या दिवशी एकशे त्रेचाळीस क्लास भरले, बटण दाबलं, आणि लाल अक्षर नाही. काहीच नाही. स्वच्छ काळा पडदा. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी घाम पुसला. तपासायला गेल्यावर डॉक्टर काही बोलले नाहीत की आपण तब्येत ठणठणीत समजतो, तसंच मी समजलो.

समिती आली. अध्यक्षबाई बारीक अंगाच्या, हातात पेन्सिल, आणि बरोबर दोन सदस्य. प्राचार्यांनी नवा टाय घातला होता. जर्नलं बघून बाई खूश झाल्या. "आकृत्या फारच देखण्या आहेत," म्हणाल्या. मी नम्रपणे मान खाली घातली. मग त्या गोलकीपरच्या यंत्रापाशी गेल्या.

"चालवा."

त्याने बटण दाबलं. काळा पडदा.

"झालं?"

"झालं," गोलकीपर छाती काढून म्हणाला.

"काय झालं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "एकही चूक दाखवत नाही, मॅडम."

बाई दुसऱ्या यंत्राकडे गेल्या, तिसऱ्याकडे, पाचव्याकडे. सगळीकडे तसाच काळा पडदा आणि तसाच अभिमानी चेहरा. मग त्या खाली वाकून प्रोग्रॅम वाचू लागल्या. वाचताना त्यांची पेन्सिल हळूहळू थांबली.

"सर, यात ऑब्जेक्ट कुठे आहेत?"

"दुसऱ्या सत्रात," मी म्हणालो.

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. एका सदस्याने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"म्हणजे सहा आठवडे या मुलांनी झाड कसं असतं ते लिहिलं," बाई सावकाश म्हणाल्या, "आणि झाड एकही लावलं नाही?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि प्रकाश पडायला याहून वाईट वेळ कुणी शोधून दाखवावी. क्लास हा नुसता आराखडा. त्यावरून एक तरी खरी वस्तू बनवल्याशिवाय यंत्र करणार काय? एकशे त्रेचाळीस आराखडे घेऊन आम्ही ऐटीत बसलो होतो. मला गोदाम दिसायला लागलं, गठ्ठे दिसायला लागले. प्राचार्य टायची गाठ सैल करत होते.

"कोपऱ्यातलं यंत्र राहिलं," दुसरे सदस्य म्हणाले.

कोपऱ्यात माळीमामा होते. त्यांनी खुर्चीवरून उठून नमस्कार केला, परत बसले आणि एका बोटाने बटण दाबलं. पडद्यावर ओळी यायला लागल्या.

सायकल स्टँडजवळचा पेरू. वय नऊ. पाणी काल दिलं, आज नको.

पाठीमागची जास्वंद. वय चार. छाटणी करायची आहे.

कुंपणाकडचं लिंबू. वय सहा. कीड आहे. सरांना सांगितलं. सरांनी बघतो म्हटलं.

अशी एक्केचाळीस झाडं. बागेतलं प्रत्येक झाड, त्याच्या जागेसकट आणि तक्रारीसकट. बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. लिंबापाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या, असं मला वाटलं.

"हे छान आहे. कुणी शिकवलं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच म्हणाले, "सरांनी."

वाचकहो, तेव्हा मी गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं. प्राचार्य डोळ्यांनी मला तेच सांगत होते. गप्प बसायचा माझा विचारही होता, लपवत नाही. पण मुलांसमोर मी ज्यांना गप्प बसवलं, त्यांनीच मला वाचवायला खोटं बोलावं, हे मला फार लागलं.

"मी नाही शिकवलं," मी म्हणालो. "त्यांनी मला विचारलं होतं, कुठलं झाड म्हणून. मी त्यांना मध्ये बोलू नका म्हटलं. एकतिसावं पान मीच बंद करून ठेवलं होतं."

"क्लिप होती," मामा म्हणाले. "काढली. किल्ली आल्यापासून जेवणाच्या सुट्टीत रोज बसायचो. पण बाई, झाडाचं वय धरायचं, पाणी धरायचं, कीड धरायची, ही सगळी मांडणी सरांची. मी त्यात फक्त आपली झाडं घातली."

आम्हाला बाहेर काढून समिती अर्धा तास बसली. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होतो. गोलकीपर येऊन म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका, पुढच्या गावी ट्रायल असते." त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण बरं वाटलं. ग्रंथपालबाईंनी सहा आठवड्यांत पहिल्यांदा पुस्तक मिटलं आणि मला पाणी आणून दिलं.

निकाल लेखी आला, पिशवीत आहे. अभ्यासक्रम मंजूर, विभाग कायम. अट एकच, की शिक्षकाने चालू सत्रात याच अभ्यासक्रमाच्या परीक्षेला विद्यार्थी म्हणून बसावं. बायकोने ते पत्र दोनदा मोठ्याने वाचलं, काकूंनी ते पाठ केलं, आणि ऑडिटरांनी त्याची झेरॉक्स मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. आधी लिंबाच्या झाडापाशी जाऊन कीड बघितली, औषध लिहून दिलं. मग कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन क्लिप काढलेलं एकतिसावं पान उघडलं आणि मामांचं यंत्र सुरू केलं, त्यांनी नेमकं केलं कसं ते बघायला. बटण दाबलं. पेरू आला, जास्वंद आली, लिंबू आलं. एक्केचाळीस झाडं झाली आणि त्याखाली बेचाळिसावी नोंद आली. कालपर्यंत ती नव्हती.

सर. जागा पहिला मजला, वनस्पतिशास्त्र. वय एक्कावन्न. मुळं धरलेली आहेत. हलवू नये.

माणसाला झाडाच्या क्लासात घालणं ही वर्गीकरणाच्या दृष्टीने घोडचूक आहे, आणि मी चुकीला लाल पेन लावल्याशिवाय कधी पुढे गेलेलो नाही. ही चूक मी तशीच राहू दिली.